तांबडं डोकं

लहानपणी माझं डोकं तांबडं होतं. रंग लावून नव्हे. डोक्याला तेल नव्हतं, वर ऊन होतं, आणि पोटात काही नव्हतं.

१९७२ चा दुष्काळ. मी चार वर्षांची. मराठवाड्यातलं गाव, गावाबाहेर आमची वस्ती. आई-बाप खडी फोडायला जायचे. आम्ही पोरं सुकडीची वाट बघत बसायचो. रेशनला मिलो आला तर चूल पेटायची. त्या साली वस्तीतल्या पोरांची डोकी एकाच रंगाची झाली होती. मक्याच्या कणसाची शेंडी वाळल्यावर दिसते ना, तसली. केस विरळ, राठ. ओढले की हातात यायचे. गावातली पोरं आम्हाला 'भुरकी' म्हणायची. आम्हाला वाटायचं, आपल्या लोकांचे केस असेच असतात.

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला कारण सांगितलं. खाण्यात प्रथिनं नसली की केसातला काळा रंग उतरतो. त्या आजाराला क्वाशिओरकोर म्हणतात. काही महिने खायला मिळालं, काही महिने नाही, असं चाललं की एकाच केसावर काळा पट्टा, फिका पट्टा, पुन्हा काळा पट्टा येतो. डॉक्टर लोक त्याला झेंड्याची खूण म्हणतात. ज्या दिवसांत पोटात गेलं तेवढा केस काळा. हिशेब डोक्यावरच लिहिलेला.

आता मी काय करते ते सांगते. मी मुंबईत पार्लरमध्ये केस रंगवते. बायका हजारो रुपये मोजून डोक्यावर फिके पट्टे पाडून घेतात. त्याला हायलाईट म्हणतात. महिना-दीड महिन्यात ते पट्टे पितळेच्या भांड्यासारखे पिवळे-तांबडे पडतात. मग त्याच बाया रडत येतात. पार्लरच्या भाषेत त्याला 'ब्रासी' म्हणतात. ते पितळ उतरवणं हे माझं काम. जो रंग दुष्काळानं मला फुकट दिला तो घालवायचे लोक मला पैसे देतात.

हसू येतं. रागही येतो. पण काम मी चोख करते.

आणखी एक गोष्ट. गावचा न्हावी आमच्या डोक्याला हात लावत नव्हता. बापाचे केस चुलता कापायचा, चुलत्याचे बाप. आज कुणाकुणाची डोकी माझ्या हाताखाली येतात, ते आडनावांसकट मला माहीत आहे. माझं आडनाव कुणी विचारलं की मी सांगते. सांगितल्यावर मानेचा ताठा बदललेला हाताला कळतो. डोकं हातात असलं की माणूस लपत नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे आपल्या वस्त्यांतल्या पोरी आता पार्लरचे कोर्स करतात. उसने पैसे काढून फी भरतात. कोर्सवाले कागद देतात, कारण सांगत नाहीत. अमुक ट्यूब, तमुक बाटली, इतकी मिनिटं. कारण कळलं नाही की पोरगी जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली राहते. म्हणून कारण सांगते.

केसात दोन जातीचे रंगकण असतात. एक काळा-तपकिरी, एक तांबडा-पिवळा. आपल्याकडच्या केसात काळा इतका भरलेला असतो की खालचा तांबडा दिसतच नाही. ब्लीच लावलं की काळा आधी फुटतो. तांबडा-पिवळा चिवट असतो, तो मागं राहतो. म्हणून काळे केस उतरवताना आधी गडद तांबडे होतात, मग नारिंगी, मग पिवळे, आणि सगळ्यात शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे फिके. पार्लरात याचे १ ते १० नंबर असतात. १ म्हणजे काळेभोर, १० म्हणजे सगळ्यात फिके. आपले केस १ ते ३ मधले. मधेच ६-७ वर थांबलात तर नारिंगीच दिसणार. हा बाहेरून आलेला मळ नाही. हे त्या केसाचंच आतलं आहे, उघडं पडलेलं. त्यावर टोनर लावून ते झाकतात, पण टोनर धुपतो आणि आतलं पुन्हा वर येतं.

मग ते घालवायचं कसं? घासून जात नाही. पुन्हा पुन्हा ब्लीच मारून केस मरतो. त्याच्यावर त्याचा विरुद्ध रंग द्यायचा. नारिंगीवर निळा, पिवळ्यावर जांभळा. दोघं एकमेकांना खातात आणि रंग शांत होतो.

हे मला पार्लरनं शिकवलं नाही. १९७३ साली आम्ही मुंबईला आलो. आई बिल्डिंगीतल्या लोकांची धुणी धुवायची. मी हाताखाली. साहेब लोकांचे पांढरे सदरे धुऊन धुऊन पिवळट पडायचे. आई बादलीत नीळ कालवायची. म्हणायची, "आधी पाणी ढवळ. गाठ राह्यली की कापडावर डाग पडतोय. आन् लई नगं टाकू. लई झाली की सदरा मेल्यावानी दिसतोय." नीळ मळ काढत नाही. तिच्यात निळ्याबरोबर जांभळी झाक असते, ती पिवळेपणा मारते, म्हणून कापड पांढरं दिसतं. आईला शाळा नव्हती. पण रंगाचं अख्खं शास्त्र तिच्या बादलीत होतं. निळा रंग आमच्या खोलीत दोनच ठिकाणी होता. भिंतीवरच्या झेंड्यात आणि त्या बादलीत.

१९९६ साली मी पार्लरात लागले ती जमिनीवरचे केस झाडायला. झाडता झाडता बघितलं. बघता बघता शिकले. पहिल्यांदा जांभळा शाम्पू बघितला तेव्हा मोठ्यानं म्हटलं, "ही तर नीळ!" सगळ्या पोरी हसल्या. मी खरं तेच बोलले होते.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे तो दिवस. लग्नसराई. एक बाई आल्या. चार दिवसांवर लेकीचं लग्न. दुसरीकडे हायलाईट करून घेतले होते, सगळे पट्टे नारिंगी. खुर्चीत बसल्या, आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "बघा ना काय अवतार झालाय. झोपडपट्टीतल्या पोरीसारखे दिसतायत केस. भिकारी वाटतेय मी."

माझा हात त्यांच्या केसात होता. हात तिथंच राहिला.

त्यांना कुठं माहीत, त्या पोरीच्या डोक्यावर तो रंग कसा येतो. मला माहीत होतं. माझ्यापाठचा भाऊ त्याच रंगाच्या डोक्यानं त्या दुष्काळात गेला. आईनं त्याला पुरलं तेव्हा ऊन होतं आणि त्याचे केस चमकत होते. एवढंच मला आठवतं.

मी विचारलं, "मॅडम, आधी मेंदी लावली होती?"

"छे. कधीच नाही."

मालकीणबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चाळीसचं घे. पुन्हा ब्लीच मार. आजच्या आज मोकळं कर." चाळीस म्हणजे चाळीस व्हॉल्यूम, १२ टक्क्यांचं पेरॉक्साईड. सगळ्यात जहाल.

मी कानामागची एक बट घेतली, ओली केली, हळूच ओढली. रबरासारखी ताणली आणि तुटली. चांगला ओला केस ताणला तरी परत जागेवर येतो. हा आला नाही. आणि मुळापासून टोकापर्यंत नारिंगी सारखी नव्हती. टोकाकडे गडद, लालसर. तो मेंदीचा रंग. मेंदी ब्लीचनं सहजी निघत नाही, हट्टानं धरून बसते. आणि काळ्या मेंदीच्या पुडीत धातूचे क्षार असले तर ब्लीच लागल्यावर केस तापतात, जळतात. म्हणून मी तुटलेली बट वाटीत थोड्या ब्लीचमध्ये ठेवली. वाटी तापली नाही. म्हणजे धातू नव्हता. पण केसात ताकद उरली नव्हती.

मी म्हटलं, "ब्लीच मारणार नाही. मारलं तर लग्नाच्या दिवशी केस कंगव्यात येतील."

मालकीणबाईंचा आवाज चढला. "झाडू मारायला आली होतीस. आता मला शिकवतेस?"

पार्लर गप्प. हेअर ड्रायरसुद्धा बंद झाला. मला वाटलं, गेली नोकरी. घरी नवरा आजारी, लेकीचं शिक्षण चालू. पण ती तुटलेली बट माझ्या बोटांत होती. मी ती बाईंच्या समोर धरली. म्हटलं, "मॅडम, डोकं तुमचं आहे. खरं ते सांगितलं. रुपेरी होणार नाही. पण नारिंगी घालवते आणि केस राखते."

बाईंनी बटेकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाल्या, "करा तुम्ही."

मी ६ नंबरचा निळ्या झाकेचा टोनर घेतला. अमोनिया नसलेला. ३ टक्क्यांच्या डेव्हलपरमध्ये कालवला, गाठ न ठेवता. केस टॉवेलनं टिपून घेतले. फक्त पट्ट्यांवर लावला. मुळाकडे आधी, टोकाला शेवटी, कारण टोकं जळालेली असतात आणि जळालेला केस रंग अधाशासारखा पितो. दर दोन मिनिटांनी एक बट पुसून बघत होते. घड्याळावर जायचं नाही, केसावर जायचं. बाराव्या मिनिटाला धुतलं.

वाळवल्यावर केस बदामी निघाले. मऊ, शांत. नारिंगी गेली होती.

बाई बराच वेळ आरशात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठं शिकलात?"

म्हटलं, "आईकडे. ती धुणी धुवायची."

त्या काही बोलल्या नाहीत. महिन्यानं परत आल्या तेव्हा आपणहून म्हणाल्या, "मेंदी लावायचे मी. दोन वर्षं. तेव्हा खोटं बोलले." झोपडपट्टीतल्या पोरीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. आरशासमोर जे बोलले नाही ते इथं लिहिते आहे.

पितळ पुन्हा वर येऊ नये म्हणून मी त्यांना जे सांगितलं ते पोरींनो, तुम्हीही लिहून ठेवा. जांभळा शाम्पू पिवळ्याला, निळा शाम्पू नारिंगीला. आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं. रोज नाही. रोज लावला तर केस कोरडे आणि राखाडी-जांभळे पडतात. लई झालेली नीळ. बाकी दिवशी सल्फेट नसलेला शाम्पू. कडक गरम पाणी नको, रंग लवकर धुपतो. उन्हात डोक्यावर ओढणी. इस्त्रीसारखं ते गरम यंत्र रोज फिरवायचं नाही. पोहायला जायच्या आधी केस साध्या पाण्यानं भिजवून घ्यायचे, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शिरतं.

आणि पाणी बघायचं. बोअरच्या, टँकरच्या पाण्यात क्षार असतात, लोखंड असतं. फिक्या केसावर ते बसतं आणि तांबडेपणा आणतं. टोनर कितीही चांगला लावा, पाणी खराब असेल तर पितळ परत येणारच. शेवटचा तांब्या पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा घ्यावा. पाण्यानं काय काय बिघडतं, हे आपल्या लोकांना मी वेगळं सांगायला नको.

गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशीच सांगायचं की काळ्या केसांचं एका बैठकीत रुपेरी होत नाही. मेंदी लावली का, हे दोनदा विचारायचं. आणि मालक काहीही म्हणो, तुटणाऱ्या केसावर ब्लीच मारायचं नाही. नाही म्हणता येणं हीच खरी कारागिरी. ती कागदावर मिळत नाही.

माझी नात यंदा दहावी झाली. कमरेपर्यंत केस, काळेभोर. डाळ, भात, अंडी पोटभर खाऊन वाढलेले. परवा म्हणाली, "आजी, मला हायलाईट करून दे ना. तुझ्या हातचे." मी म्हटलं, अठराची हो, मग बघू. तिचे केस विंचरताना कंगव्यात पुंजका आला. मी विचारलं, काय गं हे? तिची आई म्हणाली, "डाएट करतेय ती. आठ दिवस झाले, रात्रीचं जेवत नाही. बारीक व्हायचंय."

मी त्या पुंजक्याकडे बघत राहिले. मग उठून ताट वाढलं, तिच्यासमोर ठेवलं.

"आधी हे संपव," म्हटलं. "रंगाचं मग बोलू."