रथी, सारथी आणि लहान मोटार

गृहस्थाश्रमातील काही प्रश्न वरवर पाहता केवळ पैशाचे दिसतात. परंतु त्यांची उकल करू लागले म्हणजे घरातील कोणत्या माणसाची आपण किती काळजी वाहतो, हा निराळाच प्रश्न त्यांच्या मुळाशी निघतो. 2023 साली आमच्या घरी लहान मोटार घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा आम्हास याचा प्रत्यय आला. तोच वृत्तांत आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

2008 साली घेतलेली आमची मारुती 800 त्या वर्षी पंधरा वर्षांची झाली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. पुढे ती वापरावयाची तर तपासणी करवून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्याचे शुल्क एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 रुपयांवर गेले होते. त्या जातीच्या मोटारी डिसेंबर 1983 मध्ये प्रथम रस्त्यावर आल्या व जानेवारी 2014 मध्ये त्यांचे उत्पादन थांबले. अर्थात् आमच्याप्रमाणेच तीही सेवानिवृत्त झालेली. तिला निरोप द्यावा व नवी घ्यावी, येथवर घरात कोणाचा मतभेद नव्हता.

आमच्या कोथरूडच्या घरी लहानमोठी नऊ माणसे आहेत: मातोश्री, आम्ही उभयता, दोन चिरंजीव, दोन सुना आणि दोन नातवंडे. मातोश्रींचे वय त्या वेळी शहाऐंशी होते व गुडघे त्यांच्या वयाहूनही जुने झालेले. थोरले चिरंजीव कंपनीच्या बसने जातात, धाकटे दुचाकीवर. मोटार रोज लागते ती थोरल्या सूनबाईंना. त्या आंबेगावच्या बाजूला एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवितात. जाऊन-येऊन रोजचे चोवीस किलोमीटर होतात. उरल्या वेळी भाजी, किराणा, नातवंडांची गाण्याची शिकवणी आणि महिन्यातून दोनदा मातोश्रींना डोळ्यांच्या व गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे, एवढीच तिची कामे.

धाकट्या चिरंजीवांनी चौकशी करून दोन मोटारी पुढे ठेवल्या: एक मारुती सुझुकीची वॅगन आर आणि दुसरी टाटांची टियागो. दोघींच्या किमती साधारण सारख्याच. आकारातही त्या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी शोभतात, आणि यास कारण आहे. 2006 सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकाने लहान मोटारीवरील उत्पादनशुल्क उतरविले आणि लहान म्हणजे काय, याची व्याख्या केली. लांबी चार मीटरांच्या आत आणि पेट्रोलचे इंजिन 1200 घन सेंटिमीटरांच्या आत, ती लहान. तेव्हापासून कारखानदार या व्याख्येच्या रेघेला अगदी टेकून मोटारी बांधू लागले. व्याकरणातील सूत्राने शब्दाचे रूप ठरावे, तसे येथे कराच्या सूत्राने मोटारीचे रूप ठरले.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे संस्कृत शिकलो आणि तेच शिकविण्यात हयात गेली. यंत्रांतील आम्हास ओ की ठो कळत नाही. परंतु परीक्षकाचे काम पुष्कळ केलेले. तेव्हा आम्ही एक गुणपत्रक आखले. किंमत, इंधन, सामानाची जागा, चढण्या-उतरण्याची सोय, आमच्या फाटकातून जाणे आणि बळकटी, असे सहा विषय. प्रत्येकी वीस गुण.

किमतीला दोघींनाही पंधरा-पंधरा दिले. इंधनात वॅगन आर सरस ठरली. तिच्या एक लिटरच्या इंजिनाला कंपनी 24.35 किलोमीटरांचा आकडा सांगे; टियागोचा विसाच्या आसपास. शहराच्या गर्दीत दोघींचाही आकडा याहून खालीच उतरणार. तरी महिन्याच्या सहाशे किलोमीटरांना साडेपाच लिटरांचा, म्हणजे त्या वेळच्या 106 रुपये दराने सुमारे पावणेसहाशे रुपयांचा फरक. म्हणून सतरा व चौदा. मागच्या सामानाच्या कप्प्यात वॅगन आर 341 लिटर, टियागो 242. म्हणून अठरा व बारा. फाटकासाठी आम्ही स्वतः फीत घेऊन बसलो. टियागो सव्वादोन इंच अधिक रुंद; म्हणून सोळा व चौदा.

चढण्या-उतरण्याच्या सोयीत तर तुलनाच नव्हती. वॅगन आरची उंची 1675 मिलिमीटर, टियागोची 1535. हे साडेपाच इंच कागदावर क्षुल्लक वाटतात. परंतु ज्याला संधिवात आहे त्याला विचारावे. उंच मोटारीत माणूस खुर्चीत बसावा तसा बसतो; बुटकीत त्याला आधी वाकावे लागते. म्हणून अठरा व अकरा.

राहिली बळकटी. लंडनची ग्लोबल एनकॅप ही संस्था मोटारी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहते व आत बसविलेल्या पुतळ्यांना किती इजा झाली यावरून तारे देते. 2019 साली वॅगन आरला प्रौढांच्या रक्षणासाठी दोन व मुलांच्या रक्षणासाठी दोन तारे मिळाले होते. जानेवारी 2020 मध्ये टियागोला अनुक्रमे चार व तीन मिळाले. पुढे परीक्षेचे नियम अधिक कडक झाले आणि एप्रिल 2023 मध्ये त्या नियमांखाली वॅगन आरला प्रौढांसाठी एक तारा व मुलांसाठी शून्य मिळाले. आम्ही सहा व पंधरा गुण मांडले.

बेरीज केली. वॅगन आर नव्वद, टियागो एक्याऐंशी. नऊ गुणांचे अंतर म्हणजे वादाला जागाच उरली नाही, असे समजून रात्रीच्या पंगतीला आम्ही निकाल जाहीर केला. चिरंजीवांनी माना डोलाविल्या. आमच्या कुटुंबाने पावणेसहाशे रुपये ऐकून समाधान व्यक्त केले. सूनबाई वाढीत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “आजींना बसा-उठायला तीच बरी. तीच घेऊ या, बाबा.”

मातोश्रींचे ताक पिऊन झाले होते. भांडे खाली ठेवीत त्यांनी विचारले, “शेवटचा विषय कोणता म्हणालास?”

आम्ही ग्लोबल एनकॅपची हकीकत सोप्या शब्दांत सांगितली.

“त्यात पहिलीला किती?”

“वीसपैकी सहा.”

“आणि पास व्हायला किती लागतात?”

आम्ही उत्तर देण्याआधीच आम्हाला उत्तर कळले. शेकडा पस्तीस म्हणजे वीसपैकी सात.

“जन्मभर मास्तरकी केलीस ना, बाळ?” मातोश्री म्हणाल्या, “मग एका विषयात नापास झालेल्या मुलाला तू एकूण बेरजेवर वरच्या वर्गात कसा रे चढवलास?”

पंगतीत हशा पिकला. आम्हीही हसलो, परंतु रात्री झोप येईना. आम्ही स्वतःशीच वकिली करून पाहिली. दोन्ही मोटारींची 2019-20 सालची परीक्षा एका नियमाची असली, तरी त्या वेळी तपासलेल्या वॅगन आरमध्ये एकच एअरबॅग होती व टियागोमध्ये दोन. आता तर दोघींतही दोन आहेत. शिवाय शहरात ताशी 64 चा वेग मिळतो कोठे? आणि सूनबाई मोटार जपून हाकतात. युक्तिवाद पुष्कळ सुचले. परंतु प्रत्येक युक्तिवादाच्या शेवटी नवले पूल येऊन उभा राही.

पुण्याबाहेरील वाचकांसाठी सांगावयास हवे की, मुंबई-बंगळुरू महामार्ग नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येतो तो लांब उतरणीने. त्या उतारावर अवजड मालमोटारींचा ताबा सुटून वारंवार अपघात झालेले आहेत. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तेथे एका मालमोटारीने चाळीसांहून अधिक वाहनांना धडक दिली होती. आंबेगावहून कोथरूडला येताना सूनबाईंचा रोजचा रस्ता तोच. तशा मालमोटारीपुढे कोणत्याही लहान मोटारीचे तारे पुरे पडतील, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही; समोरच्या धडकेची परीक्षा मागून येणाऱ्या धक्क्याला लागू पडतेच असेही नाही. परंतु दोन सांगाड्यांपैकी एक अधिक टणक असल्याचे ठाऊक असताना आमच्या घरातील माणूस दुसऱ्यात बसवून रोज त्या उतारावर पाठवावयाचे, आणि ते कशासाठी? पावणेसहाशे रुपये व सामानाचे शंभर लिटर यांसाठी?

संस्कृतात ‘योगक्षेम’ असा एक सुंदर समास आहे. जे नाही ते मिळविणे हा योग आणि जे आहे ते राखणे हे क्षेम. तीस-बत्तीस वर्षे आम्ही हा समास फळ्यावर सोडवून दाखविला. आमच्या गुणपत्रकात पाच विषय योगाचे होते व क्षेमाचा एकच. आणि सर्वांना सारखेच गुण. चूक बेरजेत नव्हती, आखणीत होती.

कठोपनिषदात शरीराला रथाची उपमा दिलेली आहे. त्यात आत्मा हा रथाचा धनी, म्हणजे रथी, आणि बुद्धी ही सारथी. आमच्या घरात रथी आठ होते. आठही जणांची सोय आम्ही फितीने मोजली, आणि जी रोज सारथ्य करणार तिला एका शब्दाने विचारले नाही. तिनेही स्वतःचा विचार न करता आजींचे गुडघे पुढे केले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बाजूला बोलावून विचारले, “तुला स्वतःला कोणती हवी?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, त्या उतारावर मी आरशातच अधिक बघते. पण आजींना वाकता येत नाही हो.”

तेव्हा आमच्या ध्यानात आले की, प्रश्न दोन मोटारींचा नसून घरातील दोन स्त्रियांचा आहे, आणि त्या दोघीही एकमेकींच्या वतीने भांडत आहेत. निवाडा आमच्या हातचा राहिला नव्हता. रविवारी आम्ही मातोश्रींना घेऊन दोन्ही दुकानी गेलो. उंच मोटारीत त्या सहज बसल्या. बुटक्या मोटारीत पहिल्या खेपेस त्यांनी आधी पाय टाकला आणि तो तसाच अडकला. त्यांच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्या खेपेस सूनबाईंनी त्यांना पाठमोरे करून आधी आसनाच्या कडेवर टेकविले, दाराच्या चौकटीला डोके लागू नये म्हणून वर हात धरला, आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळविले. तिसऱ्या खेपेस ते जमले. उठताना मात्र दोघांचा आधार लागला.

“दुखले का, आई?” आम्ही विचारले.

“दुखणारच,” त्या म्हणाल्या. “पण मला महिन्यातून दोनदा वाकायचे आहे. तिला तिथून रोज यायचे आहे. हीच घ्या.”

आम्ही टियागो घेतली. त्याची किंमत केवळ रुपयांत मोजली गेली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पूर्वी मातोश्री कधीमधी हौसेने कीर्तनाला किंवा भावजयीकडे जात. ते पुष्कळ कमी झाले, कारण दरवेळी हात देण्यास कोणीतरी घरी असावे लागते. आसनावर एक घट्ट उशी घातली आहे. तिने थोडा आराम पडतो. सव्वादोन इंचांच्या अधिक रुंदीने फाटकाच्या खांबावर डाव्या अंगाला एक ओरखडाही उमटविला आहे. वॅगन आर घेतली असती तर हे टळले असते. दोन्ही बाजूंनी लाभच लाभ असा सौदा संसारात क्वचितच होतो.

वर दिलेले आकडे 2023 सालचे आहेत, हे वाचकांनी विसरू नये. ऑक्टोबर 2023 पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप परीक्षा सुरू झाली. 2025 साली वॅगन आरमध्ये सहा एअरबॅगा सरसकट देण्यात येऊ लागल्या, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. तेव्हा आमचा निकाल कोणी जसाच्या तसा उचलू नये. नवी पत्रके मागवून घ्यावीत. एवढेच सुचवावेसे वाटते की, गुणपत्रक अवश्य आखावे. पण त्यातील कोणत्या विषयात नापास झालेले चालणार नाही, हे बेरजेच्या आधी ठरवावे. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला दुकानी नेऊन तीनदा तरी बसवून-उठवून पाहावे. आणि चाक रोज जिच्या हाती असणार, तिला सर्वांत आधी विचारावे.

मोटार आल्यावर काही दिवसांनी आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. मातोश्री संध्याकाळी ओटीवर जपाला बसतात. त्यांचा जप दिवेलागणीला संपत असे. तो 2022 च्या नोव्हेंबरपासून लांबू लागला होता. वयोमानाने मणी सावकाश ओढले जात असतील, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात त्या फाटकाची कडी वाजेपर्यंत माळ खाली ठेवीत नसत. अजूनही ठेवीत नाहीत. कडी वाजते, मोटार आत येते, सूनबाई “आले हो आजी” म्हणतात, आणि मग मातोश्री माळ डोळ्यांना लावून डबीत ठेवतात. आम्ही मात्र तोवर वर्तमानपत्र वाचीत असल्याचा बहाणा करतो.