यांना काय म्हणतात?

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला पुरुषांना हाक मारायचं शिक्षण वेगळं घ्यावं लागत नाही. नाव घ्यायचं, पुढे 'भाई' जोडायचं, काम झालं. भाजीवाला, बँकेचा मॅनेजर, वडिलांचे मित्र, सगळे भाई. एवढ्या शिदोरीवर मी नाशिकला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅचला लागलो. इथे 'भाई' म्हणजे एक तर गुजराती व्यापारी, नाही तर ज्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चौकात लागतात तो. शेतकरी कामगार पक्षाचे जुने कार्यकर्तेही एकमेकांना भाई म्हणतात, ही भर एका वयस्कर फिटरने घातली. माझा एकुलता एक शब्द असा तीन वाटांनी बाद झाला.

डिस्पॅचचा म्हणून एक जुना मोबाइल हातात आला. त्यात नंबर असे साठवलेले: 'नाना टूलरूम', 'आप्पा टेम्पो', 'जिभाऊ प्लेटिंग', 'शेठ खोकेवाले', 'मामा गेट', 'साहेब', 'साहेब मोठे'. अख्ख्या यादीत आडनाव नाही. पण चलनावर आणि गेटपासवर तर पूर्ण नाव लागतं! टूलरूमच्या नानांचं नाव विचारलं, तर तिथली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. "नानाच की," एक जण म्हणाला. शेवटी टाइम ऑफिसात मस्टर उघडलं, तेव्हा कुठे नाव सापडलं. त्यात 'नाना'चा मागमूस नव्हता. वर हे नाना जेमतेम पस्तिशीचे, आणि त्यांच्या हाताखालचे, निवृत्तीला आलेले दोघे त्यांना बिनदिक्कत 'अहो नाना' म्हणतात.

याचा उलगडा कँटीनमध्ये झाला. सिडकोतली, अंबड गावाकडची कितीतरी कुटुंबं जिल्ह्यातल्या कसमादे पट्ट्यातून आणि खानदेशातून आलेली. तिकडे घरात पोराला आप्पा, नाना, बापू, तात्या, आबा यांतलं काहीतरी लहानपणीच चिकटतं. कधी आजोबांचं नाव ठेवलेलं असतं आणि सुनांना ते घेता येत नाही, कधी पुतणे म्हणायला लागतात म्हणून. त्याच गावचा दुसरा कामगार कारखान्यात लागला की तो ते संबोधन इथे आणतो, आणि मग मॅनेजरसुद्धा तेच वापरतो. म्हणजे कोणाला नाना म्हणायचं आणि कोणाला आप्पा, हे मी ठरवायचं नसतं, ते आधीच ठरलेलं असतं. आप्पांना नाना म्हटलं तर आप्पा 'ओ' देत नाहीत.

हुद्द्याची हाक मात्र रोज बदलते, आणि त्यात मला जास्त गंमत वाटते. डिप्लोमावाला पोरगा 'सर', प्लांटचा प्रमुख 'साहेब'. शेजारच्या गाळ्यात स्वतः लेथवर उभा राहून कोपरापर्यंत ऑइलने माखलेला मालक 'शेठ'. बिल थकलेला सप्लायर आमच्या अकाउंट्सच्या माणसाकडे येतो तेव्हा दारातूनच 'नमस्कार साहेब' सुरू होतं. चेक खिशात गेला की जाताना तो म्हणतो, "बरंय भाऊ, येतो." 'राव'चंही तसंच. नावाला जोडला तर मान, नुसता आला तर वैताग: "काय राव, गाडी अजून लागली नाही?"

नाशिकने तर या हाकांनी आपली मोठी माणसं घडवली आहेत. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके जगाला दादासाहेब म्हणूनच माहीत आहेत. विष्णू वामन शिरवाडकर लिहिताना कुसुमाग्रज आणि गावाला तात्यासाहेब. आणि 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले दादासाहेब गायकवाड? मूळ नाव भाऊराव. भाऊ, राव, दादा, साहेब: चारही आदराचेच शब्द. ज्या माणसांना देवळाच्या दाराबाहेर ठेवलं, त्यांच्या पुढाऱ्याच्या नावात चौपट मान आहे. हा हिशोब मला एका सहकाऱ्याने दाखवला आणि मी गप्पच झालो.

तोच सहकारी एका सुट्टीच्या दिवशी मला पाथर्डी फाट्यापलीकडे पांडवलेण्यांवर घेऊन गेला. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा पुळुमावीच्या कारकिर्दीच्या 19 व्या वर्षातला, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत. त्यात राजाच्या नावाआधी 'सिरि' आहे. हाच आपला 'श्री', सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा, तेव्हा राजाच्या वाट्याचा. दुसऱ्या दिवशी मी गेटपासवर हमालाच्या नावाआधी 'श्री.' लिहिलं आणि मनापासून बरं वाटलं. बोलण्यातल्या पायऱ्या असोत, कागदावर राजा आणि हमाल एका ओळीत आले आहेत, हे चांगलंच झालं. (बायकांच्या बाबतीत कागद अजून कुमारी की सौभाग्यवती याची चौकशी करतो. 'श्री.' पुरुषाला लग्नाबद्दल काही विचारत नाही.)

अर्थात कागदालाही त्याचं व्याकरण आहे. नोटीस बोर्डावरच्या लग्नपत्रिकेत नवरदेव 'चि.', आजोबा 'कै.', मामा 'श्री.' आणि पाहुण्यांत एक 'मा.' म्हणजे माननीय नगरसेवक. जुन्या पत्रिकांत 'श्री.'च्या जागी 'रा. रा.' असायचं, राजमान्य राजेश्री. युनियनच्या फलकावर 'कॉ.' असतं, त्याच्यापुढे आणखी काही लावत नाहीत. आणि हे सगळं दुसऱ्याने लावायचं. स्वतःच्या सहीआधी 'श्री.' लिहिणारा माणूस मराठीत हास्यास्पद ठरतो, मग तो साहेब असो वा शेठ.

अंबडला नव्याने कामाला लागत असाल, तर पहिल्या दिवशी समोरच्याचं नाव विचारत बसू नका. शेजारच्याला हळूच विचारा, "यांना काय म्हणतात?" नाव मस्टरमध्ये मिळेल.