बरोबरी

जिंकलेला सामना मिरवणुकीत संपतो आणि हरलेला सामना अंथरुणात. बरोबरीत सुटलेला सामना मात्र संपतच नाही. पंचांची शेवटची शिटी वाजली की मैदानातले बावीस जण निघून जातात आणि मैदानाबाहेरचे हजारो लोक खेळायला उतरतात. याला का घेतले, त्याला का वगळले, अमक्याला डावीकडून का खेळवले, हा खेळ मग मध्यरात्रीपर्यंत चालतो. त्यात दम लागत नाही, गुडघा दुखावत नाही आणि मुख्य म्हणजे त्यात कोणी हरत नाही.

अशा खेळाचा मी जुना खेळाडू आहे. तसा मी केंद्र सरकारच्या एका कचेरीतला कारकून. कोल्हापूर सोडून म्हैसूरला आलो, त्याला नऊ वर्षे होऊन गेली. मराठी माणसाला म्हैसूर फारसे परके वाटत नाही. येथेही राजवाडा आहे, दसरा आहे, दसऱ्यात कुस्त्यांचे फड आहेत. आपण जिला तालीम म्हणतो तिला येथे गरडी म्हणतात, आणि तांबड्या मातीचा वास दोन्हीकडे एकच आहे. उणीव एवढीच, की येथील गरडीतला पैलवान आखाड्यातून बाहेर पडून फुटबॉलचा संघ काढीत नाही. कोल्हापूरच्या तालमींनी तो काढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे ऐकली की परगावच्या माणसाला मल्ल आठवतील. कोल्हापूरकराला शाहू स्टेडियमच्या पायऱ्या आठवतात, आणि त्या पायऱ्यांवर उन्हातान्हात बसलेली, पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी माणसे आठवतात. त्या पायऱ्यांवरच मी लहानाचा मोठा झालो.

६ जून २०२४ ची संध्याकाळ. पत्नी मुलांना घेऊन कोल्हापूरला गेली होती, त्यामुळे सरस्वतीपुरममधील माझे बिऱ्हाड हे भारत-कुवेत सामन्याचे अधिकृत प्रेक्षागृह ठरले. आमच्या विभागातले हिशेबनीस आले. ते मलप्पुरमचे, त्यांच्याकडे सात-सात जणांचे फुटबॉल सामने कापलेल्या भातशेतात रात्री दिव्यांच्या उजेडात चालतात, आणि त्यांच्या मते अकरा जणांचा खेळ ही मुळात चार माणसांची उधळपट्टी आहे. तळमजल्यावरचे बंगाली संशोधक आले. घरमालक आले, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. आणि कचेरीत नुकताच लागलेला एक कानडी तरुण आला, तो बेंगळुरूच्या संघाचा निळा सदरा घालून. सुनील छेत्री गेली अनेक वर्षे बेंगळुरूकडून खेळत असल्यामुळे या मुलाला तो घरातलाच वाटतो. त्या रात्री छेत्री देशासाठी शेवटचा सामना खेळणार होता. १२ जून २००५ रोजी क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध त्याने पहिला सामना खेळला आणि त्यातच पहिला गोल केला. आता १५१ वा सामना होता आणि नावावर ९४ गोल होते. तरुणाची अपेक्षा साधी होती : पंचाण्णव व्हावेत.

देशाची गरज त्याहून निकडीची होती. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान यांच्याबरोबर आपला गट होता. चारांतून दोघे पुढे जाणार होते. तिसऱ्या फेरीत भारत कधीच पोहोचला नव्हता. चार सामन्यांत आपले गुण चारच; कुवेतला हरवले असते तर सात झाले असते आणि दार किलकिले झाले असते. याच कुवेतला आपण नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या घरी जाऊन १–० असे हरवले होते. मग कलकत्त्यात, अठ्ठावन्न हजारांवर माणसे पाठीशी असताना, का हरवू नये? तर्क बिनतोड होता. फुटबॉलच्या चेंडूला तर्कशास्त्र कोणी शिकवलेले नसते, एवढेच आम्ही विसरलो.

सामना ०–० असा सुटला. आमचे खेळाडू धावले, घामाघूम झाले. पण गोल या गोष्टीची जणू त्यांना लाज वाटत होती. उत्तरार्ध सुरू होऊन थोडीच मिनिटे झाली होती. नुकताच बदली म्हणून आलेला रहीम अली बचावफळी भेदून एकटा गोलरक्षकासमोर उभा राहिला. आम्ही सगळे खुर्च्यांवरून उठलो. गोलरक्षकाने चेंडू अडवला आणि आम्ही खाली बसलो. त्यानंतर पुन्हा उठण्याची वेळ आली ती सामना संपल्यावर, छेत्री डोळे पुसत मैदानाला फेरी घालीत असताना. निळ्या सदऱ्यातला तरुण खिडकीशी जाऊन उगाच बाहेरचा पाऊस बघत राहिला.

मग खरा सामना सुरू झाला. हिशेबनिसांचे म्हणणे, मधल्या फळीत सर्जनशील माणूसच नव्हता. सहल अब्दुल समदला विश्रांतीच्या वेळी काढले हा तर शुद्ध अन्याय. (सहल त्यांच्या केरळचा, हे त्यांनी सांगितले नाही.) मी म्हणालो, बचावफळीबद्दल कोणी तक्रार करू शकत नाही. (तिच्यात मुंबईचा राहुल भेके आणि पुण्याचा जय गुप्ता होते, हे मीही सांगितले नाही.) अण्णांनी १९६८-६९ च्या संतोष करंडकाची आठवण काढली. तेव्हा म्हैसूरने लागोपाठ दुसऱ्यांदा करंडक जिंकला होता. त्यानंतर या राज्याला तो पुन्हा मिळाला थेट २०२३ मध्ये, आणि तोही रियाधच्या मैदानावर! चोपन्न वर्षे वाट बघितलेल्या माणसाला एका बरोबरीचे काय दुःख, असा त्यांचा सूर होता.

प्रश्न शेवटी आला तो छेत्रीवर. एकोणचाळीस वर्षांच्या खेळाडूला अखेरपर्यंत का ठेवले? निरोपसमारंभ महत्त्वाचा की गोल? तरुणाने खिडकीशी उभे राहूनच उत्तर दिले, की त्याला काढून दुसऱ्या कोणाला घेतले असते तर त्या दुसऱ्याने तरी गोल केला असता कशावरून? त्यावर बंगाली गृहस्थांनी १९६२ चे जाकार्ता काढले. आशियाई स्पर्धेत जर्नेलसिंग हा बचावपटू डोक्याला जखम होऊन टाके पडलेला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला वगळले नाही, मागेही ठेवले नाही. चक्क आघाडीला खेळवले. उपान्त्य सामन्यात त्याने गोल केला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला. भारत २–१ असा जिंकला, सुवर्णपदक मिळाले. “हरलो असतो,” ते म्हणाले, “तर लोकांनी त्याच रहीमसाहेबांना वेडा म्हटले असते. निर्णय तोच.” रहीमसाहेब पुढच्याच वर्षी कर्करोगाने वारले.

क्षणभर सगळे गप्प झाले. अशा वेळी गप्प बसावे, हे शहाणपण मला सुचले नाही. मी म्हणालो, “ते असो. पण ज्याच्यापुढे मोकळा गोल असतो आणि ज्याला तो करता येत नाही, असा मुलगा संघात येतो तरी कसा? कोणाचा तरी असल्याशिवाय येतो का?”

वाक्य तोंडातून गेले आणि मला ते ओळखीचे वाटले. ते माझे नव्हते. अठरा वर्षांपूर्वी ते मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकले होते, आणि ते माझ्याविषयी होते.

२००६ सालची गोष्ट. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. दादा आमच्या तालमीच्या संघाचा कर्णधार. अकरा जणांची नावे ठरवण्यात त्याचा शब्द चाले. एका साखळी सामन्यात त्याने मला आघाडीला घेतले. त्या जागेवर नेहमी खेळणारा एक मुलगा होता, माझ्याहून वेगवान आणि माझ्याहून धीट. त्याला बाहेर बसवले. उत्तरार्धात चेंडू माझ्या पायाशी आला, पुढे एकटा गोलरक्षक. आणि मी तो चेंडू शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर नेऊन पोहोचवला. सामना ०–० राहिला, आणि त्या एका गुणाने आमचे वर्ष गेले. रात्री मी तालमीच्या मागच्या गल्लीतून घरी निघालो होतो. कट्ट्यावर मंडळी बसली होती. “कोणाचा तरी असल्याशिवाय येतो का?” कोणी तरी म्हणाले. दुसरा म्हणाला, “घरचाच संघ केलाय!” मी तसाच माघारी वळलो. महिनाभराने दादाने कर्णधारपद सोडले. माझ्याकडे त्याने कधी एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि मीही कधी विचारले नाही. माझ्यापुरते मी ठरवून टाकले, की मी त्याला बुडवले. नोकरीसाठी दूरचा मुलूख आनंदाने पत्करला त्यात, खरे सांगायचे तर, हेही एक कारण होते.

मंडळी गेल्यावर मी कप विसळून ठेवले. साडेअकरा झाले होते. कोल्हापूरला फोन लावला. दादा जागा होता. बरोबरीनंतर कोल्हापुरात कोण झोपते? पाच मिनिटे आम्ही संघाची चिरफाड केली. मग मी एका दमात विचारून टाकले, “दादा, त्या वेळी मला का घेतलंस? भाऊ म्हणून?”

दादा थोडा वेळ बोलला नाही. मला वाटले, तो नाही म्हणेल. तो नाही म्हणावा असे मला वाटत होते.

“भाऊ म्हणूनच घेतला,” तो म्हणाला. “ते दुसरं पोरगं तुझ्यापेक्षा बरं हुतं. मला ठावं हुतं की.”

“मग?”

“आबांस्नी डॉक्टरनं सांगितलं हुतं, पावसाळा निघायचा न्हाई. तुझी परीक्षा हुती म्हणून तुला कुणी बोललं न्हाई. ते म्हणालं, एकदा दोन्ही पोरं एका मैदानात बघू दे. झालं. बघितली त्यांनी.”

आबा त्या दिवशी पायऱ्यांवर होते, हे मला आठवत होते. उन्हात मफलर गुंडाळून बसले होते, आणि सामना संपल्यावर न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवून घरी चालत गेले होते. माझ्या चुकीमुळे ते बोलले नाहीत, अशी माझी अठरा वर्षांची समजूत. आबा त्या पावसाळ्यातच गेले. आजारपणाचा पत्ता मला परीक्षा संपल्यावर लागला होता. पण या दोन गोष्टींची सांगड मी कधी घातली नव्हती.

“कट्ट्यावर तू सांगितलं का नाहीस?” मी विचारले.

“काय सांगायचं? बाप मरतोय म्हणून संघ बदलला? त्या पोराचं नुकसान झालंच की. मी कर्णधारकी सोडली ती त्यापायी. तुझ्यापायी न्हवं.” आणि मग, नेहमीच्या खरखरीत आवाजात, “आता झोप जा. आणि त्या रहीम अलीला शिव्या देऊ नगं. तिथपर्यंत पोचला म्हणून चुकला. बाकीचे पोचलेच न्हाईत.”

फोन ठेवल्यावर मला झोप आली नाही. दादाने चूक केली होती की नाही, याचा मी विचार करीत राहिलो. कट्ट्यावरची मंडळी खोटे बोलत नव्हती. मी खरोखरच कोणाचा तरी म्हणून संघात आलो होतो. त्यांनी जे पाहिले त्यावरून त्यांचे म्हणणे बिनचूक होते. फक्त त्यांना एक मफलर दिसला नव्हता. आणि ज्या मुलाला त्या दिवशी बाहेर बसावे लागले, त्याला तो दिसला असता तरी त्याचे समाधान झाले असते, असेही मला म्हणवत नाही. त्याची बाजू दादाने ओळखली आणि तिची किंमत आपल्या खिशातून दिली. न्याय झाला असे मी म्हणणार नाही. हिशेब मात्र चुकता झाला.

पाच दिवसांनी, ११ जूनला, दोहा येथे आपण कतारविरुद्ध आघाडी घेतली, चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना पंचांनी दिलेल्या गोलाने ती गमावली आणि १–२ असे हरलो. कुवेत पुढे गेला. १७ जूनला प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना पदावरून दूर करण्यात आले. कचेरीत आठवडाभर चर्चा पुरली.

आणि निरोपाचे अश्रू वाळून वर्ष होण्यापूर्वीच, मार्च २०२५ मध्ये, छेत्री पुन्हा देशासाठी मैदानात उतरला. २५ मार्चला शिलाँग येथे बांगलादेशाशी सामना होता. आम्ही पुन्हा माझ्याच घरी जमलो. सामना पुन्हा ०–० सुटला. हिशेबनीस उसळून म्हणाले, “चाळिशीच्या माणसाला परत बोलावतात, याला काय म्हणावे?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, संघनिवडीत माझे मत जरा तिखट असते, अशी ख्याती आहे.

“काही कारण असेल,” मी म्हणालो.

सगळे मोठ्याने हसले. आमच्या कचेरीत एखाद्याची रजा नामंजूर झाली की मी त्याला हेच उत्तर देतो, असे हिशेबनीस म्हणाले. ते खरेही आहे. मी कॉफी आणायला आत गेलो. तेवढ्यात फोन वाजला. कोल्हापूरचा होता.