गुडघे, सामायिक आणि खुर्ची



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या भातकुलीत एक प्रश्न दबक्या आवाजात सुरू होतो, "यंदा खाली बसणं जमंल का?" विचारणाऱ्या बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या, गुडघे झिजलेल्या. काही जणी खुर्ची मागायची लाज वाटते म्हणून मंदिरात येणंच सोडतात. माझ्या सासूबाईंचंही तेच झालं होतं. आदिनाथ भगवंतांचं मंदिर चालत जाण्याजोगं, पण आई सकाळी दिवाणावर बसल्या की जेवायलाच उठायच्या. म्हणायच्या, "बसून रायलं तं दुखत नाई, मंग चालू कायले वं?"

ऐकायला पटतं. पण सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं, आणि तो द्रव हालचालीनेच तिच्यात नीट मुरतो. बसून राहिलं की मांडीचे स्नायू दुबळे होतात, वजन वाढतं आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. गुडघेदुखीच्या स्थूल रुग्णांचा अभ्यास सांगतो, एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसभराची पावलं मोजा म्हणजे कळेल! २०१९ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला. पाय दुखणाऱ्या ज्येष्ठांपैकी जे आठवड्याला तासभर जरा झपझप चालत, त्यांच्यात चार वर्षांनंतर चालणं मंदावण्याचं प्रमाण बरंच कमी दिसलं. आठवड्याला एक तास, म्हणजे रोजची आठ-नऊ मिनिटं!

आता बसण्याचं. सकाळी अर्धा तास फिरून उरलेला दिवस टीव्हीसमोर घालवला तर निम्मंच काम झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये व्यायामासोबत बैठा वेळ कमी करायलाही सांगितलंय.

"मग सामायिकाचं काय? अठ्ठेचाळीस मिनिटं!" हा आईंचा खरा सवाल. मला वाटतं, आपणच मांडीला धर्म समजून बसलो. आपल्या सामायिकाची सुरुवातच उभं राहून होते, चारही दिशांना आवर्त आणि शिरोनती करत. कायोत्सर्ग उभ्यानेही होतो. श्रवणबेळगोळचे बाहुबली तर उभेच आहेत. आणि मुनिराज आहार उभ्यानेच घेतात. आई यावर गप्प बसल्या. त्या गप्प बसणं म्हणजे निम्मा होकार.

आता सामायिक थोडं उभ्याने, थोडं खुर्चीवर. भाजी निवडायची ती ओट्याशी. जाहिरात लागली की खुर्चीचे हात न धरता पाच वेळा उठायचं-बसायचं. सूर्यास्ताआधी जेवण होतंच, त्यामुळे उजेड असेपर्यंत फिरायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात मात्र वऱ्हाडातलं ऊन पाहता पहाटच बरी. चार हात पुढची जमीन पाहत चालणं, ईर्या समिती, तर लहानपणापासून शिकवलेलं. ठेच लागायची भीतीही त्याने कमी होते. गुडघा सुजला, गरम लागला किंवा अडकला तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवायचं.

दुखणं गेलेलं नाही. उठताना अजून "आई गं" निघतंच. पण परवा चिखल तुडवत त्या मंदिरात गेल्या, येताना शेजारच्या काकूंनाही सोबत घेऊन दोन फेऱ्या जास्त मारल्या. जपाची माळ हातात होती, म्हणे. दोघींच्या गप्पांत ती अर्ध्यावरच राहिली.