दिसणे आणि न दिसणे

आमच्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. तेथे ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारी पाहताना मला गोंदियाजवळचा बिरसी विमानतळ आठवतो. माझ्या भाच्याने तेथे वैमानिकाचे प्रशिक्षण घेतले.

शिकाऊ विमाने धावपट्टीभोवती साधारणतः हजार फुटांवर, बहुधा डावीकडे वळत, आयताकार फेरी घेतात. मोटार ब्रेक दाबून थांबवता येते. विमानाचा वेग फार घटला, तर पंखांचा आधारच सुटतो. म्हणून उतरू लागलेले पुढचे विमान आपल्या डाव्या पंखासमोरून उलट दिशेने गेलेले दिसेपर्यंत वळावयाचे नाही. पण डोळ्यांनाही मर्यादा असते. वर पंख असलेल्या विमानातून वरचे नीट दिसत नाही, खाली पंख असलेल्यातून खालचे. दुसरे पहिल्याच्या माथ्यावर आले, की दोघेही आंधळे!

पहिल्याच एकट्या उड्डाणात भाच्याला पुढचे विमान दिसेना. रेडिओवर तसे कळवून, मनोऱ्यातून उत्तर येईपर्यंत तो न वळता सरळ जात राहिला.

“मामा,” तो नंतर म्हणाला, “वळायचं नाही हे लगेच ठरलं. ‘दिसत नाही’ हे दोन शब्द उच्चारायलाच वेळ लागला.”