जयपूर : तहान लागण्याआधी खणलेली विहीर

जयपूर म्हटले की हवामहल, आमेरचा किल्ला, लाखेच्या बांगड्या, सांगानेरी छापाच्या चादरी आणि गरमागरम प्याज कचोरी हे सारे चटकन डोळ्यांसमोर उभे राहते. दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीत महाराष्ट्रातून सहकुटुंब जाणारे प्रवासी तीन दिवसांत एवढे पाहतात आणि पिशव्या भरून परततात. हॉटेलच्या खोलीत नळ सोडला की पाणी येते. ते कुठून आले आणि मोरीतून पुढे कुठे गेले, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. पण वाळवंटाच्या उंबरठ्यावर वसलेल्या या शहराची खरी गोष्ट त्याच्या महालांइतकीच त्याच्या नळांत आणि गटारांतही दडलेली आहे.

आधी पाणी, मग घरे

मिर्झाराजे जयसिंह आपल्याला पुरंदरच्या तहामुळे ठाऊक आहेत. त्यांच्याच वंशातील सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये आमेरची डोंगरातली राजधानी सोडून खाली मैदानात नवे नगर वसवले. कारणांमध्ये एक कारण पाण्याचेही होते. वाढत्या वस्तीला डोंगरातील जागा आणि पाणी दोन्ही अपुरे पडू लागले होते. विद्याधर भट्टाचार्य या बंगाली वास्तुतज्ज्ञाने नगराची आखणी केली. सरळ रुंद रस्ते, चौकोनी पेठा म्हणजे चौकड्या आणि मोठे रस्ते जिथे छेदतात तिथे प्रशस्त चौपडी. द्रव्यवती नदीचे पाणी कालव्याने शहरात आणून बाजारपेठेतून फिरवले गेले आणि चौपडींवर कुंड बांधले गेले.

ही केवळ दंतकथा नाही. मेट्रोच्या भुयारी मार्गासाठी छोटी चौपड आणि बडी चौपड येथे खोदकाम झाले, तेव्हा रस्त्याखाली गाडले गेलेले जुने कुंड पुन्हा उजेडात आले. आपल्याकडे मलिक अंबरने खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर वसवताना जमिनीखालून नहर नेली, त्याच जातीची ही दूरदृष्टी. घरे उठण्याआधी पाण्याची वाट आखलेली होती.

डोंगरावरच्या जयगडातही हेच दिसते. आसपासच्या टेकड्यांवर पडणारे पावसाचे पाणी पाटांनी किल्ल्यात आणायचे, वाटेत गाळ खाली बसू द्यायचा आणि निवळ पाणी टाक्यात साठवायचे. सर्वांत मोठ्या टाक्यात ६० लाख गॅलन पाणी मावते असे सांगतात. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, या किल्ल्यात गुप्तधनाचा शोध घेण्यात आला होता. खजिना सापडला नाही, असे सरकारने सांगितले. राजस्थानात पाण्याहून मोठा खजिना तो कोणता असणार?

नाला, तलाव आणि धरण

शहर वाढले तशी तहान वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराजा रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत द्रव्यवतीचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या अमानीशाह नाल्याचे पाणी यंत्रांनी वर चढवून नळाने शहरात खेळवले गेले. तेही अपुरे पडू लागले. तोवर महाराजा माधोसिंह दुसरे यांच्या काळात बाणगंगा नदीवर रामगडचे धरण बांधून झाले होते. १९३१ पासून तेथील पाणी जयपूरला मिळू लागले. हा तलाव एवढा विस्तीर्ण होता की १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती तिथेच झाल्या.

आज त्या तलावाच्या जागी पाहण्यासारखे काय आहे? कोरडे पात्र, गवत आणि झुडपे. पाणलोट क्षेत्रातील ओढ्यानाल्यांवर जागोजागी बंधारे पडले, वाटेत शेते, बांधकामे आणि अतिक्रमणे झाली. पाऊस पडला तरी पाणी तलावापर्यंत पोहोचेना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग शहराने जमिनीत भोके पाडायला सुरुवात केली. हजारो कूपनलिकांनी वर्षानुवर्षे उपसा केल्याने भूजल खोल गेले आणि उरलेल्या पाण्यात कित्येक ठिकाणी फ्लोराइड आणि नायट्रेट वाढले.

शेवटी आधार सापडला तो टोंक जिल्ह्यात, बनास नदीवरच्या बिसलपूर धरणात. बाराव्या शतकातील चौहान राजा विग्रहराज चौथा म्हणजेच बिसलदेव याने बांधलेले जुने मंदिर या जलाशयाच्या काठावर आहे. धरणाचे पाणी सुरजपुरा येथे शुद्ध होते, तेथून पंपांनी ढकलत मोठ्या जलवाहिनीतून सांगानेरजवळच्या बालावाला केंद्रात येते आणि मग शहरभरच्या टाक्यांत चढते. धरणापासून शहर सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर. २००९ मध्ये हे पाणी जयपुरात पोहोचले आणि गृहिणींनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

पण या पाण्याला आधीच रक्ताचा डाग लागलेला होता. जून २००५ मध्ये बिसलपूरचे पाणी आपल्या शेतांना मिळावे, या मागणीसाठी टोंक जिल्ह्यातील शेतकरी रस्त्यावर उतरले. सोहेला येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जणांचा बळी गेला. मुंबईची तहान भागवणारी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे आपल्याला नवे नाही. शहराचा नळ जितका लांब जातो तितकी दुसऱ्या कोणाची तरी घागर रिकामी राहण्याचा धोका वाढतो.

घरे पुढे, नळ मागे

१९५१ मध्ये जयपूरची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती ३० लाखांवर गेली. साठ वर्षांत दसपट! मानसरोवर, मालवीयनगर, प्रतापनगर, जगतपुरा अशी नवी उपनगरे उभी राहिली. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत निदान आखणी तरी होती. पण शहराच्या कडेला, विशेषतः पृथ्वीराजनगरच्या पट्ट्यात, सोसायट्यांनी शेतजमिनीचे तुकडे पाडून भूखंड विकले आणि नोकरदार कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून घरे बांधली. घर आले, अंगण आले, तुळस आली. नळ आणि ड्रेनेज मात्र आले नाही. वर्षानुवर्षे या वस्त्या कूपनलिकांवर आणि टँकरवर जगल्या. बिसलपूरच्या वाहिन्या तिकडे वळल्या त्या फार उशिरा.

तयार रस्ते फोडून, दाट वस्तीत वाहिन्या घालणे हे मोकळ्या माळावर घालण्यापेक्षा कितीतरी महाग आणि त्रासाचे असते. शिवाय पिण्याच्या पाण्याला पंपाने चढवता येते, सांडपाण्याला मात्र उतार लागतो. घरांची जोती आणि रस्ते हवे तसे वरखाली झाले की तो उतार साधणे जिकिरीचे होते. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत आणखी एक भय. पाणी ठरावीक वेळच येते. पुरवठा बंद असताना रिकाम्या नळाला एखादी भेग असली तर शेजारच्या गटाराची घाण आत ओढली जाते. मग घरातले लेकरू तापाने, जुलाबाने आजारी पडते आणि आई म्हणते, पाणी तर स्वच्छ दिसत होते!

गेलेल्या पाण्याचे काय?

घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अभियंत्यांचा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे बिसलपूरचे पाणी आले तेव्हाच सांडपाण्याची दुसरी नदीही जयपुरात आली. ते वर्षानुवर्षे दोन जागी जात राहिले. उत्तरेकडचे जलमहालाच्या मानसागर तलावात आणि बाकीचे बहुतेक द्रव्यवतीत. ज्या नदीचे पाणी पिऊन शहर जन्मले, तिलाच त्याने नाला केले. खाली सांगानेरच्या छपाईचे रंगही तिच्यातच मिसळले.

सुधारणा झालीच नाही असे नाही. ब्रह्मपुरी आणि डेलावास येथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे झाली. मानसागरात जाणाऱ्या नाल्यांची वाट बदलली, शुद्ध केलेले पाणी पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून गाळून तलावात सोडण्यात आले आणि पाणपक्षी परतले. २०१६ मध्ये द्रव्यवतीच्या ४७ किलोमीटर लांबीच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेण्यात आले, त्यात एकूण १७० दशलक्ष लिटर क्षमतेची पाच केंद्रे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये चंबळ खोऱ्याचे पाणी पूर्व राजस्थानात आणणाऱ्या प्रकल्पाची पायाभरणीही झाली. म्हणजे पाणी आता आणखी दुरून येणार. पण हाताशी असलेले सांडपाणी शुद्ध करून बागांना, कारखान्यांना आणि शेतीला पुरवले, तर तेवढे पिण्याचे पाणी वाचते आणि त्यासाठी दुसऱ्याची नदी वळवावी लागत नाही.

जयपूरला जाल तेव्हा जयगडाच्या तोफेबरोबर तिथली टाकीही जरूर पाहा. नाहरगडाची बावडी आणि आमेरचा पन्ना मीना कुंड मुलांना दाखवा. आमेरच्या वाटेवर जलमहालापाशी दहा मिनिटे थांबा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडे आजीही सांगते. सवाई जयसिंहांनी ते पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी करून दाखवले होते. नवा फ्लॅट घेताना आपण स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग बारकाईने पाहतो. त्या इमारतीत पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार, एवढे दोन प्रश्न बिल्डरला विचारले तर जयपूरची सहल सार्थकी लागली म्हणायची.