सामाईक पायरी

तळेगाव ढमढेरे हे वेळ नदीकाठचे जुने गाव. शिरूर तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेत येतो. बर्फ तर सोडाच, येथे भरपूर पाऊससुद्धा अपूर्वाईचा. तरीही थंड देशांत दर हिवाळ्यात घरमालक व भाडेकरू यांच्यात जो वाद उठतो, तो या गावालाही चुकलेला नाही. तेथे दारापुढे साचलेले बर्फ कोणी काढायचे, असा प्रश्न असतो. येथे जिन्यावर धरलेले शेवाळ कोणी घासायचे, असा. घसरून पडणाऱ्याच्या हाडांना या दोहोंतील फरक कळत नाही.

शिक्रापूर, सणसवाडी आणि रांजणगाव या परिसरात कारखाने आले आणि आजूबाजूच्या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीत मी काही वर्षे भाडेकरू होतो. आठ बिऱ्हाडे, एक जिना आणि गच्चीवर एक टाकी. टाकीचा बॉलकॉक बिघडलेला होता. पंप सुरू झाला की टाकी भरून वाहू लागे आणि ते पाणी पायऱ्यांवरून खाली उतरे. त्यात श्रावणातील रिमझिम मिसळली की पायऱ्यांवर हिरवा थर चढायचा. एके पहाटे तिसरी पाळी संपवून आलेला एक तरुण शेजारी त्या पायऱ्यांवर घसरला. त्याचे मनगट मोडले. तो कंत्राटी कामगार होता. हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत काम नाही, आणि काम नाही म्हणून पगारही नाही. गावाकडे आई-वडील त्याच्या पैशांची वाट पाहत होते.

मग नेहमीचा संवाद झाला. मालक म्हणाले, “जिना तुम्ही वापरता, खराटा मारायला काय होते?” भाडेकरू म्हणाले, “टाकी तुमची, पाणी तुमचे.” मालकही काही धनदांडगे नव्हते. शेतीच्या तुकड्यावर कर्ज काढून त्यांनी ही इमारत बांधली होती. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात थोडे तथ्य होते, आणि म्हणूनच पायरी तशीच हिरवी राहिली. आठ घरांची वस्तू कोणाच्याच घरची नसते!

कायदा या बाबतीत आपण समजतो तितका मुका नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. ज्या क्षेत्रांना तो लागू आहे, तेथे विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे कलम 14 नुसार मालकाचे कर्तव्य ठरते. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नाही. याच कायद्याचे कलम 29 मालकाला अत्यावश्यक सेवा तोडण्यास मनाई करते, आणि त्या सेवांमध्ये पाणी व विजेबरोबरच जिन्यावरील व बोळातील दिवे आणि सफाई यांचाही उल्लेख आहे. म्हणजे खोलीच्या उंबऱ्याबाहेरील जागा कायद्याच्या नजरेतून सुटलेली नाही.

आपल्यातील अनेक कुटुंबे आज कॅनडात स्थायिक झाली आहेत. त्यांना हा प्रश्न बर्फाच्या रूपात भेटतो. ऑन्टेरिओ प्रांतात सामाईक वाटेवरील बर्फ हटवणे ही मालकाची जबाबदारी आहे. 2009 साली तेथील अपील न्यायालयापुढे एक खटला आला. बर्फ भाडेकरूने काढावे, असे कलम भाडेकरारात होते आणि ती भाडेकरू त्याच वाटेवर घसरून जखमी झाली होती. कायद्याने मालकावर टाकलेला भार अशा एका कलमाने भाडेकरूच्या खांद्यावर ढकलता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. हे काम भाडेकरूकडून करवून घ्यायचेच असेल, तर त्यासाठी वेगळा करार हवा. यामागील तत्त्व साधे आहे: ज्याच्या हाती वस्तूचा ताबा, त्याच्याकडे तिची काळजी. पायरी आठही जणांची होती. पण बॉलकॉक बदलण्याचा अधिकार एकाचाच होता.

पवित्र शास्त्राने हे फार पूर्वी ओळखले होते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राची एक आज्ञा आहे: नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. त्या देशातील घरांची छपरे सपाट असत आणि लोक त्यांवर वावरत. पडणारा बेसावध होता की सावध, तो घरचा होता की परका, असे ही आज्ञा विचारत नाही. कोणी पडण्याची वाटही ती पाहत नाही. ती घर बांधणाऱ्याशी बोलते, आणि तेही आधी बोलते.

याचा अर्थ भाडेकरूने हात बांधून बसावे असा नाही. निसरडे दिसताच मालकाला कळवणे, शक्यतो लेखी कळवणे, आणि दुरुस्ती होईपर्यंत पायरीवर चुना वा ब्लिचिंग पावडर टाकून खराटा फिरवणे, हे शेजारधर्माचे काम आहे. कायद्याने ते करायला लावले नाही, म्हणून प्रीतीची आज्ञा त्यातून सूट देत नाही. मात्र एकाच्या शेजारधर्माची ढाल करून दुसऱ्याने आपले कर्तव्य टाळू नये.

भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा, असे 1999 च्या त्याच कायद्याचे कलम 55 सांगते, आणि नोंदणीची जबाबदारीही मालकावर ठेवते. आपल्याकडे बहुधा अकरा महिन्यांचे करार होतात. त्यांत अनामत रकमेवर पानभर मजकूर असतो. जिन्याविषयी एक शब्द नसतो. टाकी, गटार, जिना आणि दिवा यांची दुरुस्ती कोणी करायची आणि रोजची झाडलोट कोणी, एवढे दोन ओळींत लिहून घ्यावे. करार वाचताना त्या ओळींपाशी दोघांनीही क्षणभर थांबावे. रात्रपाळी संपवून अंधारात जिना चढणाऱ्या माणसाची गाठ त्या दोन ओळींशीच पडणार असते.